विश्लेषण : स्टालिनग्राडची पडकी गिरणी टेबलावर कशी उभी राहते?

धडधाकट इमारतीपेक्षा पडकी इमारत बनवणे सोपे, असा नवख्या मॉडेलकारांचा समज असतो. चूक झाली तरी ढिगाऱ्यात खपून जाईल, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कारखान्याचा डायोरामा, म्हणजे छोट्या प्रमाणात उभे केलेले दृश्य, हा या छंदातील अवघड प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडची गिरणी हे त्याचे उत्तम उदाहरण.

ही गिरणी कोणती?

रशियात व्होल्गाकाठच्या आजच्या व्होल्गोग्राड शहरात लाल विटांची, बिनछपराची पाच मजली इमारत उभी आहे. ही गेरहार्ट गिरणी. गिरणी पिठाचीच, पण आपल्या गल्लीतल्या चक्कीसारखी नव्हे. वाफेवर चालणारा तो मोठा कारखाना होता. आगीत जळाल्यानंतर १९०८मध्ये ती नव्याने बांधण्यात आली. बाहेर विटांच्या जाड भिंती आणि आत काँक्रीटचे खांब, अशी तिची रचना. स्टालिनग्राडची लढाई १७ जुलै १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ या काळात झाली. त्यातही १४ सप्टेंबरला बॉम्ब पडून छप्पर उडेपर्यंत गिरणी सुरू होती. पुढे सोव्हिएत सैनिकांनी तिलाच ठाणे बनवले. युद्धानंतर शहर नव्याने उभारले गेले, ही इमारत मात्र मुद्दाम तशीच ठेवली गेली.

शेजारी १९८२मध्ये खुले झालेले पॅनोरमा संग्रहालय आहे. तेथील गोलाकार चित्र सुमारे १२० मीटर लांब व १६ मीटर उंच आहे. चित्रापुढे वस्तू अशा मांडल्या आहेत, की वस्तू कुठे संपतात आणि चित्र कुठे सुरू होते हे चटकन कळत नाही. डायोरामाची सारी करामत हीच.

१:३५ हे प्रमाण का?

लष्करी मॉडेलमध्ये हे प्रमाण रूढ झाले ते योगायोगाने. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटारवर चालणारे मॉडेल काढले. आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचा आकार ठरवला गेला. नंतर मोजले तेव्हा प्रमाण १:३५च्या आसपास भरले.

या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरचा होतो आणि २५ सेंटिमीटरची वीट सात मिलिमीटरची. वीस मीटर उंचीची इमारत ५७ सेंटिमीटर भरते. त्यामुळे बहुतेक जण अख्खी गिरणी न करता एखादा कोपराच करतात. दिवाळीतल्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही; इथे दरवाजा अर्धा सेंटिमीटर आखूड झाला तरी नजरेत खुपतो.

पडझड खरी कशी वाटते?

आधी इमारत अखंड कशी होती ते कागदावर काढावे लागते. मजल्यांची उंची, खिडक्यांच्या रांगा, तुळया कुठे टेकल्या होत्या, हे ठरले की मगच तोडायचे. तुळई पडली तरी भिंतीतला तिचा खोबणा उरतो. असे खोबणे एका ओळीत दिसले, की तिथे मजला होता हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

भिंतीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लाद्या ओततात आणि त्यावर सुईसारख्या हत्याराने विटांच्या रेघा कोरतात. प्लास्टर हाताने मोडले की त्याची कड नैसर्गिक येते. सनबोर्ड हलका व स्वस्त खरा, पण त्याची कापलेली कड लगेच ओळखू येते. विटांची भिंत बहुधा सांध्यांतून, पायऱ्यांसारखी तुटते. सरळ रेषेत तुटलेली भिंत करवतीने कापल्यासारखी दिसते. जाडीतही अनेक जण फसतात. साठ सेंटिमीटरची भिंत या प्रमाणात १७ मिलिमीटर जाड हवी. पुठ्ठ्याएवढ्या पातळ भिंतीवर पाच मजले उभे होते, यावर कोण विश्वास ठेवील?

सर्वांत जास्त कंजुषी होते ती ढिगाऱ्यात. वरून नाहीशी झालेली भिंत कुठे तरी खाली पडलेली असणारच, आणि सुटे विटा-तुकडे अखंड भिंतीपेक्षा जास्त जागा व्यापतात. म्हणजे ढिगारा पायथ्याशी उंच, बाहेरच्या बाजूला उतरता हवा. त्यात विटांची भुकटी, मोडक्या फळ्या, काँक्रीटमधील सळयांसाठी तांब्याची तार मिसळतात आणि वरून फेविकॉलचे पातळ पाणी सोडतात. रंग देताना विटेचा बाहेरचा, धुराने काळवंडलेला भाग मंद ठेवायचा. ताजी तुटलेली बाजू उजळ. काजळी खिडकीच्या वरच्या बाजूला, कारण ज्वाळा तिथून बाहेर येऊन वर चढतात.

आणि कारखाना आहे तर यंत्रे हवीत. दळणयंत्राचा सांगाडा, पट्ट्यावर फिरणारे चाक, फाटक्या गोणी यांतले काहीच नसेल, तर ती कुठल्याही शहरातली कुठलीही पडकी इमारत होते.

आजचे छायाचित्र पाहून का चालत नाही?

कारण ते १९४२चे नाही. आजची गिरणी म्हणजे ऐंशी वर्षांचा पाऊस, बर्फ, साफसफाई आणि जतन यानंतर उरलेले स्मारक. पायथ्याचा ढिगारा उचललेला, भोवती मोकळी, आखीव जागा. त्या छायाचित्राची हुबेहूब नक्कल करून पुढे सैनिक उभे केले, तर स्मारकासमोर नाटक चालल्यासारखे दिसते. युद्धकाळातली छायाचित्रे धूसर असली तरी तीच आधार धरावी लागतात.

त्यात काय दाखवायचे हा प्रश्नही येतो. बहुतेक डायोरामांत रणगाडा आणि सैनिक असतात. पण २३ ऑगस्ट १९४२च्या मोठ्या हवाई हल्ल्यानंतरही हजारो नागरिक त्या शहरात, तळघरांत राहत होते. ढिगाऱ्यात एखादी पत्र्याची बादली किंवा तळघराच्या झरोक्यातून बाहेर काढलेला चुलीचा पाइप ठेवला, तर ही माणसांची जागा होती हे दिसते. अशा तपशिलाला फारसा खर्च येत नाही, तरी तो क्वचितच आढळतो.

म्हणून जाणकार मॉडेलकार आधी तारीख ठरवतात. सप्टेंबर असेल तर सगळ्यावर विटांची, चुन्याची धूळ. जानेवारी असेल तर बर्फ. नवखे त्यासाठी खाण्याचा सोडा वापरतात; तो काही वर्षांनी पिवळा पडू शकतो. अनुभवी हात संगमरवराची बारीक भुकटी घेतात.