चित्राखालची माती

मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या पिंपळगाव रेणुकाईच्या परिसरात जुन्या घरांच्या भिंती माती, भुसा आणि गवत कालवून, चिखल पायांनी तुडवून आणि आंबूस वास सुटेपर्यंत मुरवून लिंपल्या जात. शेजारच्या डोंगररांगेतील अजिंठ्याची चित्रेही अशाच जातीच्या गिलाव्यावर उभी आहेत. रंगाचा पापुद्रा सुटलेली कड निरखली असता मातीत रुतलेले तूस, काड्या आणि खडीचे कण दिसतात, आणि चित्रकाराच्या आधी तेथे गिलावा करणाऱ्याचा हात फिरला होता हे उघड होते.

खडबडीत थरावर मऊ थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग, असा हा क्रम होता. गेरू, पिवळी माती व हिरवी माती हे रंग मातीतूनच मिळाले. निळा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानातील बदख्शानहून आला.

चीनच्या गान्सू प्रांतातील दुनहुआंगची बौद्ध लेणी चौथ्या शतकात सुरू झाली. तेथेही भिंत मातीचीच, परंतु वरच्या मऊ थरात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले. राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेच तंतू वेरूळच्या गिलाव्यात आढळले. अजिंठ्यात ते नाहीत, आणि तेथील किमान 25 टक्के चित्रे किड्यांनी नष्ट केली, असे त्यांचे म्हणणे आहे. दुनहुआंगला वाळवंटाची कोरडी हवाही लाभली, हे खरे; तरीही 25 टक्के या आकड्यापुढे गिलाव्याला दुय्यम काम समजणे अन्यायाचे ठरते.

काजळी आणि सरस यांच्या वड्या दगडावर पाण्यात उगाळून चिनी चित्रकारांनी पुढे रेशीम व कागदावर दोन रीती वाढवल्या: बारीक रेघेने आकार बांधून रंग भरणारी गोंगबी, आणि मोजक्या फटकाऱ्यांत आशय उतरवणारी शिएयी. कागद शाई तत्काळ शोषतो, चुकलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून तेथे सारी प्रतिष्ठा कुंचल्याला मिळाली. दुनहुआंगच्या भित्तिचित्रांच्या नकला 1941 ते 1943 या काळात करणारे चित्रकार झांग दाछियान 1950 साली भारतात येऊन अजिंठ्याची चित्रे अभ्यासून गेले. अशा नकलांतून रेघ आणि रंग दूरदूर पोहोचले, पण त्यांखालचा गिलावा पाहायला आजही लेण्यातच जावे लागते.