निवासी शाळेत नोकरी करता करता पीएच.डी.: एन.ओ.सी.मधलं तिसरं वाक्य

एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला आमच्या वर्गात एक ठरलेलं वाक्य होतं. ‘नवोदयला लागायचं, नाहीतर आश्रमशाळेत. राहायला क्वार्टर, जायचा-यायचा प्रवास नाही, संध्याकाळी करायचं तरी काय? आरामात पीएच.डी. होईल.’ हे वाक्य मीही दोघा-तिघांना ऐकवलं आहे. त्यातल्या एका मैत्रिणीने ते खरं मानलं. आज ती सातपुड्यातल्या एका अनुदानित आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. तिचं एक वर्ष वाया गेलं आणि त्यात माझ्या सल्ल्याचाही वाटा आहे. म्हणून हा लेख. तुम्ही निवासी शाळेत नोकरीला असाल किंवा जायच्या विचारात असाल, आणि पुढे शिकायचं डोक्यात असेल, तर अर्ज भरण्याआधी हे वाचा.

आधी ‘संध्याकाळी करायचं तरी काय’ याचं उत्तर. निवासी शाळेत शाळा सुटते, पण मुलं घरी जात नाहीत. नवोदयमध्ये पहाटेच्या पी.टी.पासून रात्रीच्या हजेरीपर्यंत कुणीतरी ‘मास्टर ऑन ड्यूटी’ असतो, आणि बहुतेक शिक्षकांकडे एखाद्या हाऊसची जबाबदारी असते. दुपारी मागे पडलेल्या मुलांचे जादा तास, संध्याकाळी अभ्यासिकेवर देखरेख. आश्रमशाळेत वसतिगृहासाठी अधीक्षक आणि अधीक्षिका हे वेगळे पद असतं. पण रात्री अकराला एखाद्या पोराला ताप भरला तर दार कुणाचं वाजतं? जो शिक्षक जवळ राहतो त्याचं. माझी मैत्रीण म्हणते, ‘अरे, वेळ मिळतो, पण सलग मिळत नाही. चाळीस मिनिटं मिळाली की त्यातली पंधरा कालचं कुठे थांबलं होतं ते आठवण्यात जातात.’

हे ऐकून माझं मत बदललं. निवासी शाळेतल्या शिक्षकाची अडचण वेळ कमी असण्याची नाही, तुकड्या-तुकड्यांनी मिळणाऱ्या वेळेची आहे. तुकड्यांत वाचन होतं, नोंदी होतात, पाठ्यक्रमाच्या असाइनमेंट होतात. प्रबंधाचं प्रकरण लिहायला मात्र सलग दिवस लागतात, आणि ते दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच मिळतात. तेव्हा वेळापत्रक आठवड्याचं नको, वर्षाचं करा.

आता पदवीचं बघू. विज्ञानाच्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. तुमची एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राची आहे आणि तुम्हाला संशोधन शाळेतल्या मुलांवर करायचंय, तर विषय बदलतो: तो शिक्षणशास्त्रात जातो. तिथे पीएच.डी.ला साधारणपणे त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी मागतात, एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्र. एम.एड. आता दोन वर्षांचं, नियमित उपस्थितीचं आहे, म्हणजे अध्ययन रजा आली. नोकरी कायम असेल आणि सेवेची वर्षं भरली असतील तर ती मागता येते. रोजंदारीवर किंवा तासिका तत्त्वावर असाल तर तो रस्ता विसरा. त्यापेक्षा इग्नूची एम.ए. शिक्षणशास्त्र पदवी जमण्यासारखी आहे. दोन वर्षांत होते, चार वर्षांपर्यंत ताणता येते, आणि परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. जूनमध्ये शाळा उघडण्याची धांदल असते, म्हणून जड पेपर डिसेंबरला ठेवा. इग्नू असो, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ असो की आणखी कुठलं, प्रवेशाआधी तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे ना, ते स्वतः बघा. एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

आणि हो, पीएच.डी. मात्र दूरशिक्षणाने होत नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘घरबसल्या पीएच.डी.’ची जाहिरात दिसली तर पुढे सरका. नोकरी सांभाळून करायची तर तिचं नाव अर्धवेळ पीएच.डी., आणि तिला परवानगी आहे. पदव्युत्तरला 55 टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत. मुदत किमान 3 वर्षं, कमाल 6, त्यापुढे पुनर्नोंदणी करून आणखी 2. स्त्रियांना त्याहून 2 वर्षं जास्त मिळतात. पगार घेत असताना जे.आर.एफ.ची फेलोशिप मिळत नाही, हे गृहीत धरूनच हिशेब करा.

याच नियमावलीत अर्धवेळ उमेदवारासाठी एक अट आहे. ज्या ठिकाणी तुम्ही नोकरी करता तिथल्या सक्षम अधिकाऱ्याचं ना हरकत प्रमाणपत्र हवं आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात. एक, उमेदवाराला अर्धवेळ शिक्षण घ्यायची परवानगी आहे. दोन, त्याच्या कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल. तीन, गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल.

साध्या शाळेत हे तीन वाक्यांचं पत्र आहे. निवासी शाळेत तीच तीन वाक्यं म्हणजे तीन भांडणं. पहिलं वाक्य कुणीही लिहून देतं, शिक्षक शिकतोय म्हटल्यावर संस्थेला अभिमानच वाटतो. दुसऱ्यापाशी लेखणी थबकते, कारण ‘पुरेसा वेळ मिळतो’ असं लिहून दिलं तर उद्या तुम्हाला रात्रपाळीची ड्यूटी कशी लावायची? आणि तिसरं लिहिणाऱ्याला दिसतं ते एवढंच: कोर्सवर्कचे बारा श्रेयांक, त्यासाठी विद्यापीठात हजेरी, आणि तेवढे दिवस मुलींच्या वसतिगृहाजवळ राहणारी एक बाई कमी. त्यांची भीती खोटी नाही. बदली माणूस मिळत नाही, हे त्यांनाही माहीत असतं आणि तुम्हालाही.

मैत्रिणीचं इथेच अडलं. 2024 च्या जूनची यूजीसी-नेट तुम्हाला आठवत असेलच. परीक्षा झाली, दुसऱ्या दिवशी रद्द झाली, पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतली, निकाल ऑक्टोबरमध्ये. त्याच परीक्षेपासून नेटचे तीन गट झाले: जे.आर.एफ., सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. ती तिसऱ्या गटात आली. दुसऱ्या-तिसऱ्या गटाला प्रवेशात नेटच्या गुणांचं वजन 70 टक्के आणि मुलाखतीचं 30 टक्के. पण हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

विद्यापीठाची जाहिरात आली तेव्हा तिचं पत्र संस्थेच्या कार्यालयात पडून होतं. ती मला म्हणाली, ‘एन.ओ.सी. अजून नाही रे.’ मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, ‘अर्ज भरून टाक, एन.ओ.सी. नंतर सादर करते असं लिही. सगळे तसंच करतात.’ मी पूर्णवेळ संशोधक. मला कधी कुणाची एन.ओ.सी. लागलीच नव्हती. ‘सगळे’ म्हणजे कोण, हे मलाही सांगता आलं नसतं. मुलाखत झाली. कागदपत्रांच्या पडताळणीत अर्ज बाजूला काढला. पुढची जाहिरात येईपर्यंत वर्ष उलटलं होतं, गुण संपले होते. तिला नेट पुन्हा द्यावी लागली.

म्हणून क्रम उलटा ठेवा. नेटचा फॉर्म भरायच्याही आधी एन.ओ.सी.चा अर्ज द्या. अर्जात ती तीन वाक्यं जशीच्या तशी मसुदा म्हणून जोडा, म्हणजे लिपिकाला टिपणी करायला सोपं जातं आणि एखादं वाक्य गाळलं तर ते दिसतं. अर्ज मुख्याध्यापकांमार्फतच द्या. आवक क्रमांक घ्या, पोच घ्या. ‘सरांच्या कानावर घातलंय’ याला कागदावर किंमत नाही. तिसऱ्या वाक्याची भीती कमी करण्यासाठी तुमचा प्रस्तावही सोबत द्या: कोर्सवर्कच्या काळात कुठली ड्यूटी कुणाशी बदलणार, त्यांना तुम्ही नंतर कुठले रविवार परत देणार. विद्यापीठालाही विचारा की कोर्सवर्क सुट्टीत किंवा शनिवार-रविवारी घेतात का. विभागागणिक पद्धत वेगळी असते, आणि याच एका मुद्द्यावर विद्यापीठ निवडलं तरी चुकणार नाही. कोर्सवर्क संपलं तरी दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायला जावंच लागतं. ती रजाही हिशेबात धरा.

वाचनसाहित्याचं थोडक्यात: शोधगंगेवर देशभरातले प्रबंध फुकट आहेत. नेटवर्क नसेल तर तालुक्याला गेलं की एकदम दहा-बारा उतरवून आणा. मैत्रीण बाजाराच्या दिवशी हेच करते.

विषयाचं मात्र थोडं सविस्तर. निवासी शाळेतल्या माणसाला एक गोष्ट फुकट मिळते, जी माझ्यासारख्याला कितीही प्रवास करून मिळत नाही: तो तिथे रोज असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कुरणशाळा कोसबाडला जन्मली, कारण मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे तिथे राहणाऱ्यालाच दिसत होतं. तुम्हालाही असं काहीतरी रोज दिसत असतं. माझ्या मैत्रिणीला दिसलं ते सुट्टीचं. दिवाळी आणि होळीनंतर तिच्या शाळेतली मुलं ठरल्या दिवशी परत येत नाहीत. कुणी चार दिवसांनी, कुणी पंधरा, कुणी येतच नाही. होळीआधी भोंगऱ्या बाजार असतो, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, धाकट्या भावंडांना कुणीतरी सांभाळायचं असतं. सगळे म्हणतात ‘यांना शाळेची आवड नाही’. तिचं म्हणणं, कॅटलॉग उघडून बघा, कोण कधी परततं याला काहीतरी चाल आहे. नवोदयमध्ये असाल तर नववीत होणारं स्थलांतर आहेच: तीस टक्के मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात जातात. त्या वर्षात त्यांच्या विज्ञानाच्या वहीचं काय होतं, यावर एक अख्खा प्रबंध होईल.

पण हीच जवळीक अडचणीची आहे. दुसऱ्या वेळच्या मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी मैत्रिणीला विचारलं, ‘तुमच्या विद्यार्थिनीने प्रश्नावली भरायला नाही म्हटलं, तर?’ ती म्हणाली, ‘नाही म्हणणार नाहीत, मॅडम. त्या माझं सगळं ऐकतात.’ फोनवर मला हे सांगताना तीच गप्प झाली.

तुम्हीही थांबून विचार करा. गावातल्या शाळेतलं मूल पाच वाजता तुमच्या अधिकारातून सुटतं. वसतिगृहातलं सुटत नाही. त्याला घरी जायची परवानगी तुमच्या सहीने मिळते, तापात गोळी तुमच्याकडून मिळते, भांडणाचा निवाडा तुम्हीच करता. ज्या मुलीला शनिवारी घरी जायचंय, ती शुक्रवारी तुमच्या संशोधनाला नाही कशी म्हणेल? तिचं ‘हो’ हे होकार नव्हे, ती सवय आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण त्यांची चौकट आपल्यालाही धरता येते: पालकांची संमती हवी, आणि 7 वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही वेगळा हवा, 12 पर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. पालक ऊसतोडीला गेलेले असतील तर ते येईपर्यंत थांबावं लागतं. घरची भाषा पावरी असेल तर मराठी फॉर्मवर अंगठा घेऊन भागत नाही, पावरीत समजावून सांगणारा माणूस लागतो.

मैत्रिणीने आराखडा बदलला. स्वतःच्या शाळेतून ती आता फक्त कॅटलॉगच्या नोंदी घेणार आहे, त्याही परवानगीने आणि नावं काढून. मुलांशी आणि पालकांशी बोलायचं ते जवळच्याच दुसऱ्या आश्रमशाळेत, जिथे ती कुणाची बाई नाही. काम वाढलं, प्रवास वाढला. मी म्हटलं, ‘स्वतःच्या मुलांना सोडून लांबच्यांकडे जातेस, नमुना लहान होईल.’ ती म्हणाली, ‘लहान होऊ दे. निदान ती नाही तरी म्हणतील.’

या वेळी एन.ओ.सी.ही आली. परवा तिने फोटो पाठवला: लेटरहेड, जावक क्रमांक, गोल शिक्का, सही, सगळं जागेवर. वाक्यं दोनच आहेत. तिसऱ्यासाठी ती सोमवारी पुन्हा कार्यालयात जाणार आहे, सोबत ड्यूटी बदलाचं वेळापत्रक घेऊन.