समजून घ्या: भूकंपाच्या गणितातली 'जाळी' जुळली नाही, तर काय होतं?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे लातूरच्या किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास १० हजार लोकांचा जीव गेला. तिथल्या घरांच्या जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंफलेला नव्हता. हादरा बसताच थर सुटले आणि वरचं मातीचं माळवद खाली आलं.

सांधा कच्चा असेल तर घर टिकत नाही. कॉम्प्युटरवरच्या इमारतीचंही तसंच आहे.

जाळी म्हणजे काय?

इमारत भूकंपात कशी हलेल, हे कॉम्प्युटरवर तपासता येतं. त्यासाठी तिचे हजारो छोटे तुकडे करतात. ही 'फायनाइट एलिमेंट' पद्धत. तुकड्यांचे कोपरे म्हणजे नोड आणि सगळी मांडणी म्हणजे मेश, अर्थात जाळी.

खांब आणि बीमच्या सांध्यापाशी जाळी बारीक लागते. खालच्या जमिनीसाठी मोठी चालते. सगळीकडे बारीक केली तर हिशेबाला फार वेळ लागतो.

अडचण कुठे येते?

दोन जाळ्या भेटतात तिथे. नोड समोरासमोर येत नाहीत. तसेच सोडले तर कॉम्प्युटरच्या लेखी तिथे भेग असते. इमारत आहे त्यापेक्षा लवचिक दिसते. ताठरपणा निम्मा झाला, तर तिची नैसर्गिक वारंवारता सुमारे ३० टक्क्यांनी घटते. मग भूकंपात तिच्यावर किती बल येईल, हा अंदाजही चुकतो.

मग जोडतात कसं?

साधा उपाय म्हणजे अधल्यामधल्या नोडला शेजारच्या नोडशी बांधणं. शेजारचे दोन नोड ४ आणि ६ मिलिमीटर सरकले, तर बरोबर मधल्याने ५ मिलिमीटर सरकायचं. दुसरी आहे 'मॉर्टर' पद्धत. नाव गवंड्याच्या मसाल्यावरूनच आलं आहे. इथे प्रत्येक बिंदू न बांधता संपूर्ण सीमेवर सरासरीने जुळणी साधतात.

जोडलं की झालं?

नाही. बारीक जाळीतली वेगवान कंपनं मोठ्या जाळीत मावत नाहीत आणि सीमेवरून खोटीच परत फिरतात. म्हणून एका लहरीच्या लांबीत ८ ते १० तुकडे ठेवतात. जमिनीत लहरीचा वेग सेकंदाला २०० मीटर आणि कंपनं सेकंदाला १० असतील, तर लहर २० मीटरची होते. म्हणजे तुकडा साधारण २ मीटरचा हवा.

मराठवाड्याला याचं काय?

१९९३ मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं. २००२ च्या सुधारित कोडमध्ये हा भाग झोन ३ मध्ये आला. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीतल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के नांदेडलाही जाणवले. त्यामुळे शाळा किंवा रुग्णालयाच्या अहवालात 'सुरक्षित' लिहिलेलं असलं, तरी दोन प्रश्न विचारायलाच हवेत: जाळ्या कशा जोडल्या? आणि जाळी आणखी बारीक केली, तर उत्तर बदलतं का?