तळमजल्याची नहाणी उलटते तेव्हा

पावसाळ्यात जुन्या सोसायटीतली पहिली तक्रार तळमजल्यावरूनच येते. वरचे मजले निवांत आंघोळी करतात आणि खाली न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येतं. तुंबलेली लाइन सर्वांत खालचं तोंड शोधते.

नुसतं सिंक तुंबलं तर दोष बहुधा घरातला. फ्लश ओढताच नहाणी गुडगुडली, तर मुख्य लाइनच अडलेली. मग बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून पाहावं. काठोकाठ भरलं असेल तर अडथळा पुढे, रस्त्याच्या बाजूला. रिकामं असेल तर घर आणि चेंबरच्या मध्ये. आत मात्र कुणी उतरू नये, कुणाला उतरवूही नये. हायड्रोजन सल्फाइड आधी वास येणं बंद करतो, मग जीव घेतो. सुरक्षासाधनांविना माणूस गटारात उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हाच आहे.

खरा खलनायक तळणीचं तेल. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये २०१७ साली चरबी आणि वाइप्सचा सुमारे २५० मीटर लांब, १३० टनी गोळा गटारात सापडला. त्याचा तुकडा चक्क संग्रहालयात मांडला गेला! आपल्याकडे दिवाळीचा फराळही लाइनची परीक्षा पाहतो. कढई आधी कागदाने पुसावी.

तळमजल्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उपयोगी, पण तो मिटलेला असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही. तेव्हा नळ बंद ठेवावा. पाणी उलटलंच, तर वरच्यांनाही तेच सांगावं. ॲसिड ओतू नये. ब्लीचशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो.