ॲम्पशिवाय ॲम्प : दोन डब्यांची दोस्ती

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या बँडला दरवर्षी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला रेक्टर मॅडमचा : "हे किती वाजेपर्यंत चालणार?" त्याचं उत्तर सोपं आहे, हेडफोन. दुसरा प्रश्न एफईच्या मुलींचा : "ताई, तुझ्याकडे ॲम्प नाही, मग एवढा आवाज येतो कुठून? आणि पायाशी दोन-दोन डबे कशाला? एकात भागत नाही का?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मेसच्या रांगेत उभं राहून देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. संपादक मंडळाने ॲम्प्लिफायरसाठी ‘प्रवर्धक’ हा शब्द सुचवला. शब्द छान आहे, पण "जरा प्रवर्धक वाढव" असं मी तालमीत म्हटलं तर आमचा ड्रमर काठ्या खाली ठेवून निघून जाईल. तेव्हा मी ॲम्पच म्हणणार.

ॲम्प म्हणजे अर्धं वाद्य

इलेक्ट्रिक गिटारची तार पिकअपच्या चुंबकासमोर थरथरते आणि कॉइलमध्ये अगदी छोटं व्होल्टेज तयार होतं. ते मोठं करणं हे ॲम्पचं कागदावरचं काम. प्रत्यक्षात ॲम्प हे अर्धं वाद्यच असतं. जुन्या ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर नसून व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचे शेंडे चपटे होतात आणि मूळ सुरात नसलेले हार्मोनिक्स जन्माला येतात. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात याला डिस्टॉर्शन म्हणतात आणि ते टाळायला शिकवतात. गिटारवाले त्यालाच टोन म्हणतात आणि त्यासाठी पैसे मोजतात!

गंमत म्हणजे हा टोन ॲम्प जोरात वाजत असतानाच खुलतो. शिवाय व्हॉल्व्ह ॲम्प जड असतो, आत काहीशे व्होल्ट खेळत असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात (कृपया कुणीही ‘बघू तरी’ म्हणून उघडू नका). हॉस्टेलच्या खोलीत असा प्राणी पाळणं शक्य नाही. गॅदरिंगला साउंडवाले येतात ते स्पीकर आणि मिक्सर घेऊन. गिटार ॲम्प त्यांच्या टेम्पोत नसतो. गिटारची केबल थेट मिक्सरमध्ये घातली तर आवाज येतो, पण मच्छर अडकल्यासारखा. म्हणून ॲम्पचं काम करणारा डबा लागतो.

पहिला डबा : मॉडेलर

मॉडेलर म्हणजे ॲम्पच्या सर्किटचं गणित सोडवणारा छोटा संगणक. १९९८ साली लाइन ६ या अमेरिकन कंपनीचा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा ‘पॉड’ आला आणि हा प्रकार घराघरात पोचला. आमच्या बँडकडे त्याच कंपनीचा एचएक्स स्टॉम्प आहे. हे मॉडेल २०१८ चं. आम्ही चौघांनी वर्गणी काढून सेकंडहँड घेतलं.

मॉडेलरमध्ये सर्किटचा प्रत्येक टप्पा समीकरणांत मांडलेला असतो. गेन, बास, ट्रेबल ही बटणं म्हणजे त्या समीकरणांतले चल. बटण फिरवलं की उत्तर बदलतं. शिवाय डिले, रिव्हर्ब, कोरस, वा असे सगळे इफेक्ट त्याच डब्यात. पण प्रोसेसरची ताकद मर्यादित. स्टॉम्पमध्ये आधी सहा ब्लॉक लावता यायचे, नंतरच्या सॉफ्टवेअर अपडेटने आठ झाले. ॲम्पचं मॉडेल त्यातली बरीच ताकद एकटंच खातं.

दुसरा डबा : कॅप्चर पेडल

कॅप्चरवाला सर्किट बघतच नाही. त्याच्यासाठी ॲम्प म्हणजे ब्लॅक बॉक्स. एका ठरावीक चाचणीचा सिग्नल खऱ्या ॲम्पमध्ये सोडायचा, स्पीकरसमोर माइक ठेवून बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करायचा आणि ‘हे आत गेलं, हे बाहेर आलं’ एवढ्यावरून न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. नेटवर्कचं उत्तर आणि खरं रेकॉर्डिंग यांतला फरक कमी-कमी होत जातो आणि शेवटी उरतो त्या ॲम्पचा डिजिटल ठसा. केम्पर या जर्मन कंपनीने २०११ साली प्रोफायलर आणून ‘खऱ्या ॲम्पचा ठसा घ्यायचा’ ही कल्पना रुजवली, अर्थात तिची पद्धत स्वतःची वेगळी होती. न्यूरल नेटवर्कवाल्यांपैकी इटलीच्या आयके मल्टिमीडियाचं टोनेक्स सॉफ्टवेअर २०२२ मध्ये आलं आणि त्याचं पेडल २०२३ मध्ये. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर ओपन सोर्स आहे, कुणीही लॅपटॉपवर उतरवून घ्यावं.

एसईच्या सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये आपण शिकलो की इम्पल्स रिस्पॉन्स कळला की सिस्टिम कळली. मग नेटवर्क कशाला? कारण ते फक्त लिनियर सिस्टिमला लागू. स्पीकरची पेटी जवळजवळ लिनियर असते, म्हणून तिचा इम्पल्स रिस्पॉन्स पुरतो. (४८ किलोहर्ट्झला २०४८ सँपल, म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद!) पण शेंडे चपटे करणारा व्हॉल्व्ह लिनियर नाही. सिग्नल दुप्पट केला तर उत्तर दुप्पट येत नाही, वेगळंच येतं. तिथे कॉन्व्होल्यूशन हात टेकतं आणि नेटवर्क कामाला येतं.

थोडक्यात, मॉडेलर म्हणजे डेरिव्हेशन समजलेला विद्यार्थी : किंमती बदलून द्या, तो गणित सोडवेल. कॅप्चर म्हणजे टॉपरच्या जर्नलची झेरॉक्स : अक्षर न् अक्षर हुबेहूब, पण त्याच एका गणिताचं. कॅप्चर घेताना ॲम्पची बटणं जिथे होती, खरेपणा तिथलाच. नंतर पेडलवरचं गेनचं बटण फिरवता येतं, पण तो अंदाज असतो, मूळ ॲम्प नव्हे.

मग दोन्ही का?

इथे मला वसईच्या एका अंकलची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या वाडीत राहतात. तरुणपणी लग्नाच्या रिसेप्शनांमध्ये गिटार वाजवायचे. आता संधिवाताने बोटं वळत नाहीत, पण त्यांचा व्हॉल्व्ह ॲम्प त्यांनी चादरीत गुंडाळून जपला होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाचं टोनेक्स पेडल, लॅपटॉप आणि माइक घेऊन मी त्यांच्या ओटीवर बसले. (टोनेक्स पेडल स्वतः कॅप्चर घेत नाही, ते काम लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरचं.) झेरॉक्सचा नियम लक्षात घेऊन तीन ठसे घेतले : आवाजाचं बटण तीनवर, सहावर आणि दहावर. दहाच्या वेळी शेजारचे कुत्रेही हजर झाले.

त्या ॲम्पमध्ये स्प्रिंग रिव्हर्ब आणि ट्रेमोलो होतं. अंकलची सगळी जुनी गाणी त्या थरथरीवरच उभी. पण कॅप्चरला ते पकडता येत नाही. नेटवर्कला मागचा फारच थोडा काळ आठवतो. सेकंदभर रेंगाळणारा रिव्हर्ब किंवा आपल्याच लयीत वर-खाली होणारं ट्रेमोलो त्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ठसा घेताना दोन्ही बंद ठेवावं लागलं. ऐकल्यावर अंकल म्हणाले, "आवाज माझाच गं, पण जेवण मिठाशिवाय."

मीठ दुसऱ्या डब्यात होतं. कॅप्चरच्या मागे स्टॉम्पमधलं ट्रेमोलो आणि स्प्रिंग रिव्हर्ब लावलं, त्यांनी मान हलवून-हलवून वेग ठरवून दिला. मग बराच वेळ ऐकत राहिले. "फक्त तापल्यावरचा तो वास नाही," एवढंच म्हणाले. या पावसाळ्यात त्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तसा मिळणं कठीण, आणि मिळाला तरी आवाज तोच राहील याची खात्री नाही. तीन फाइल्स मात्र आमच्याकडे आहेत.

म्हणजे उत्तर असं : ॲम्पचा खास स्वभाव कॅप्चरचा, आणि बदलणारं, फिरणारं, रेंगाळणारं सगळं मॉडेलरचं. वर फायदा हा की ॲम्प बाहेर गेल्याने स्टॉम्पची ताकद इफेक्टसाठी मोकळी होते. दोन्ही कामं एकत्र करणारी यंत्रंही आहेत, उदाहरणार्थ क्वाड कॉर्टेक्स. पण एक डबा आधीच असेल तर दुसरा छोटा जोडणं खिशाला बरं.

जोडायचं कसं?

गिटार स्टॉम्पमध्ये. आत आधी वा, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह. मग ‘एफएक्स लूप’ नावाचा ब्लॉक (तोही आठातला एक खातो). तिथून सिग्नल सेंडमधून बाहेर पडतो, टोनेक्समध्ये जातो आणि रिटर्नमधून परत येतो. त्यानंतर ट्रेमोलो, डिले, रिव्हर्ब आणि शेवटी मिक्सर. एवढं साधं. पण पुढच्या पाच गोष्टी पाळल्या नाहीत तर दोन चांगले डबे मिळून एक वाईट डबा तयार होतो.

१. पेटी एकदाच. स्पीकरचा इम्पल्स रिस्पॉन्स दोन्हीकडे चालू राहिला तर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. एकीकडे चालू, दुसरीकडे बंद.

२. पातळी जुळवा. कॅप्चर पेडलला गिटारइतकाच सिग्नल अपेक्षित असतो. त्याला लाइन लेव्हल पाजली तर तीनवरचा ठसाही दहावर असल्यासारखा ओरडतो. सेटिंगमध्ये सेंड-रिटर्न ‘इन्स्ट्रुमेंट’वर ठेवा. तपासणी सोपी : टोनेक्स बायपास करा आणि लूप चालू-बंद करून बघा. आवाजाची पातळी तीच राहिली पाहिजे.

३. उशीर मोजा. प्रत्येक डबा ॲनालॉगचं डिजिटल आणि परत ॲनालॉग करतो, त्यात थोडे मिलिसेकंद जातात. याने घाबरू नका. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा उशीर हा ॲम्पपासून १.७ मीटर लांब उभं राहण्याइतकाच. स्टेजवर सगळेच तेवढे लांब असतात.

४. पण पॅरलल जोडताना सावध. मॉडेलरचा ॲम्प आणि कॅप्चर एकत्र मिसळायचा मोह सगळ्यांना होतो. समजा लूपमधून येणारा सिग्नल २ मिलिसेकंद मागे आहे. मग २५०, ७५०, १२५० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही लाटा उलट्या भेटतात आणि एकमेकींना खातात. गिटारची मोकळी दुसरी तार बी, तिची फ्रीक्वेन्सी सुमारे २४७ हर्ट्झ! तिचा मूळ सूर गेला, तिसरा आणि पाचवा हार्मोनिकही गेला. तार तुटल्यासारखी वाटते आणि बिचाऱ्या गिटारवर खापर फुटतं. उपाय : थेट वाटेवर तेवढाच डिले लावा, नाहीतर सरळ एकामागे एक जोडा. आम्ही दुसरं करतो.

५. वीज वेगळी द्या. दोन्ही ९ व्होल्ट, पिनचा मध्य निगेटिव्ह. पण स्टॉम्पचा ॲडॅप्टर ३ अँपिअरचा आहे आणि टोनेक्स ३२० मिलिअँपिअर मागतो. एकाच स्वस्त ॲडॅप्टरला शेपटी लावून दोन्ही चालवलं तर डिजिटल किणकिण ऐकू येते. लॅपटॉप जोडल्यावर ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर आली तर तो ग्राउंड लूप समजा. तो घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका त्यासाठीच असतो. घरघर सहन होते, शॉक होत नाही.

शेवटचं, पायाचं काम. स्टॉम्पच्या मिडी आउटमधून टोनेक्सच्या मिडी इनमध्ये एक केबल घाला आणि दोघांचा चॅनेल एक ठेवा. मग स्टॉम्पचा प्रीसेट बदलला की तोच प्रोग्राम चेंज पाठवून टोनेक्सचाही ठसा बदलतो. मिडी १९८३ पासून आहे, आपल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठं, आणि अजून एकाही सबमिशनला लेट झालेलं नाही.

घ्यायचं की नाही?

खरं सांगू? नव्याने शिकणाऱ्याने दोन्ही घेऊ नये. आधी लॅपटॉप, साधा ऑडिओ इंटरफेस, फुकटचं सॉफ्टवेअर आणि हेडफोन. वर्षभर एवढ्यावर नीट भागतं. स्टेजवर जायची वेळ आली की मॉडेलर. कॅप्चर पेडल तेव्हाच घ्या, जेव्हा एखादा विशिष्ट आवाज तुम्हाला हवा असेल आणि तो मॉडेलरच्या यादीत नसेल. आमच्या बाबतीत तो वसईच्या एका ओटीवर होता.

आणि तुमच्या घरी, काकांकडे, चर्चच्या हॉलमध्ये असा एखादा जुना ॲम्प चादरीखाली असेल आणि अजून चालत असेल, तर पुढच्या सुट्टीआधी मला भेटा. मुलींचं हॉस्टेल, टीई ईएनटीसीच्या कुणालाही विचारा. माइक आणि लॅपटॉप मी आणते. मालकाला मात्र शेजारी बसवून घ्या, ट्रेमोलोचा वेग त्यांनाच माहीत असतो.