जळगाव १५, धुळे १२! फोल्डरच्या पोटातली गंमतजंमत

फोल्डरमध्ये फाइल नसतेच, माहीत आहे का?

काय सांगता भो! पण खरं आहे. फोल्डर म्हणजे डिस्कवर लिहिलेली एक यादी. एकेका नोंदीत फाइलचं नाव आणि तिचा माल कुठे सापडेल त्याचा नंबर, बस्स. कॉम्प्युटरवाले अशा एका नोंदीला 'डिरेक्टरी एंट्री' म्हणतात. तुमचा ४ जीबीचा पिक्चर डिस्कच्या दुसऱ्याच कोपऱ्यात लोळत पडलेला असतो. चला तर, ही यादी अस्सल खानदेशी नावं घालून उघडू या!

सुरुवात जुन्या डॉसपासून. तिथे नावाला जागा ८ रोमन अक्षरांची, वर एक्स्टेन्शनची ३. जळगाव ७ अक्षरांत बसतं, धुळे ५ मध्ये. भुसावळचं रोमन स्पेलिंग मोजा: बरोबर ८! जंक्शनची गाडी अगदी फलाटाला टेकून उभी. नंदुरबारची अक्षरं ९, म्हणजे एक डबा बाहेर. विंडोज-९५ पासून अशा लांब नावांना मागे एक छोटं टोपणनाव मिळू लागलं: पहिली सहा अक्षरं, एक वळवळती रेघ आणि आकडा. म्हणजे नंदुरबार, चाळीसगाव आणि मुक्ताईनगर झाले 'नंदुर~१', 'चालिस~१' आणि 'मुक्ताइ~१'. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशी नावं दिसली तर व्हायरस समजून घाबरू नका!

आता डर्बी मॅच: जळगाव विरुद्ध धुळे.

लिनक्सवर यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, उकार यांचं तिकीट वेगळं, हाफ तिकीट नाही. ज, ळ, ग, काना, व: पाच चिन्हं, १५ बाइट. ध, उकार, ळ, मात्रा: चार चिन्हं, १२ बाइट. धुळेकर ३ बाइटने फायद्यात!

एंट्री जवळून बघायचीय? ईएक्सटी-४ या लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत नावाआधी ८ बाइटचं सामान असतं. ४ बाइट फाइलच्या नंबराचे, २ एंट्रीच्या लांबीचे, १ नावाच्या लांबीचा, १ प्रकाराचा (फाइल आहे की फोल्डर). मग नाव. एकूण बेरीज ४ च्या पटीत हवी. धुळे नेमके २० बाइट, जळगाव २३, म्हणून एक रिकामा बाइट चिकटवून २४.

१९७९ च्या युनिक्समध्ये आख्खी एंट्रीच १६ बाइटची होती: २ नंबराला, १४ नावाला. धुळे पास, जळगाव एका बाइटने नापास! अर्थात तेव्हा यूटीएफ-८ जन्मालाच आलं नव्हतं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ते १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर आखलं. आपल्या मराठी फाइलींची नावं जेवणाच्या टेबलावरून आली आहेत मंडळी.

आता भारदस्त नाव घेऊ. जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं: 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ'. या नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर केलं तर काय होतं, माहीत आहे का?

पेन ड्राइव्हवर अनेकदा फॅट-३२ ही पद्धत असते. तिथे प्रत्येक एंट्री ठोक ३२ बाइटची आणि लांब नावाचे १३-१३ चिन्हांचे तुकडे पडतात. आपल्या नावात मोकळ्या जागा धरून ५० चिन्हं, म्हणजे ४ तुकडे. पहिला तुकडा कुठे तुटतो बघा: 'कवयित्री बहिण'. पुढचा काना आणि 'बाई' दुसऱ्या तुकड्यात! शेवटच्या तुकड्यात उरतं 'र विद्यापीठ', कारण 'महाराष्ट्र'मधला र एकटाच पुढे ढकलला गेला. आणि कळस म्हणजे डिस्कवर हे सगळं उलटं लिहितात. आधी 'र विद्यापीठ', सगळ्यांत शेवटी 'कवयित्री बहिण', त्यामागे ते छोटं टोपणनाव. एका नावाला ५ एंट्र्या, १६० बाइट.

जुन्या डॉसला हे तुकडे दिसले असते तर तो गोंधळला असता. म्हणून प्रत्येक तुकड्यावर 'रीड-ओन्ली', 'हिडन', 'सिस्टिम' आणि 'डिस्कचं लेबल' असे चार शिक्के एकदम मारले. असली खिचडी बघून डॉस मुकाट पुढे जायचा. जुगाड हा शब्द आपला, पण धंदा मायक्रोसॉफ्टचाही!

हेच नाव लिनक्सवर १४० बाइट. तिथे एका नावाची मर्यादा २५५ बाइट. नावापुढे 'प्रथम वर्ष विज्ञान शाखा हॉल तिकीट' आणि पीडीएफचं शेपूट लावा, झाले २३४. आता 'फायनल' जोडा: २५०. बसलं! पण कुठल्याही ऑफिसात एका 'फायनल'वर भागतं का? दुसरं 'फायनल' लिहिलंत की २६६, आणि लिनक्स हात वर करतो: नाव फार लांब आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची, बाइटची नाही. त्यामुळे विंडोजवर सुखाने नांदणारी लांब नावाची मराठी फाइल लिनक्स सर्व्हरवर चढवताना अडते. इंग्रजी नावांना हा त्रास नाही, त्यांचं अक्षर १ बाइटमध्ये भागतं. चिडचिड होणं साहजिक आहे.

लग्नाचे फोटो डिलीट झाले? जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या कॉम्प्युटरवाल्याकडे धावण्याआधी हे वाचा. फॅट-३२ च्या कार्डावर डिलीट करताना एंट्रीचा फक्त पहिला बाइट बदलून तिथे २२९ लिहितात आणि जागा 'रिकामी' म्हणून जाहीर करतात. फोटो जागच्या जागी! म्हणून कार्ड ताबडतोब बाहेर काढा, नवा एकही फोटो काढू नका. परत मिळालेल्या फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर गायब दिसतं ते याच २२९ मुळे. १९९१ च्या डॉस-५ मधला 'अनडिलीट' तर सरळ तुम्हालाच विचारायचा: पहिलं अक्षर कोणतं होतं हो?

बरं, 'रिनेम' केल्यावर काय हलतं? १९६० मध्ये पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशचा धुळे. तापीने एक वळणही बदललं नाही. फाइलचंही तसंच, यादीतलं नाव बदलतं, माल हलत नाही. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला, ते झालं 'मूव्ह'. शहादा होतं तिथेच, फक्त धुळ्याच्या यादीतून खोडून नंदुरबारच्या यादीत लिहिलं. शिवाय लिनक्सवर प्रत्येक फोल्डरमध्ये दोन टिंबांची एक एंट्री असते, 'माझं वरचं फोल्डर कोण' हे सांगणारी. शहाद्याच्या त्या टिंबांपुढचा नंबरही बदलला! माल जागचा हलत नाही, म्हणूनच एकाच डिस्कवर आख्खा पिक्चर क्षणात इकडचा तिकडे होतो, आणि पेन ड्राइव्हवर नेताना मात्र चहा होऊन जातो.

विंडोजवर इंग्रजीत 'कॉन' नावाचं फोल्डर बनवून दाखवा! आठवतोय का तो फॉरवर्ड? 'बिल गेट्सलाही कारण माहीत नाही' म्हणे. छे! कारण साधं आहे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हती, ती आली १९८३ मध्ये. कीबोर्ड-स्क्रीनचं नाव 'कॉन', प्रिंटरचं 'पीआरएन', आणि फोल्डर नसल्याने ही नावं सगळीकडे राखीव. विंडोज अजून तोच नियम पाळतं. पण गंमत ऐका: देवनागरीत 'कॉन' लिहा, फोल्डर बिनबोभाट तयार!

आणि हा खास मराठी बॉम्ब. 'शेतकऱ्यांची यादी' या नावाच्या तीन फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवता येतात, माहीत आहे का? कारण 'ऱ्य' तीन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ऱ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारा जोडणारा टाकून. डोळ्यांना तिन्ही सारखे, बाइट मात्र वेगळे. लिनक्स आणि विंडोज नावाचं चिन्हन्‌चिन्ह जुळवून बघतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ही तीन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस-प्लस पद्धत तर ऱ दिसला की स्वतःच त्याचे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवायची.

तेव्हा तालुक्याच्या यादीत आपलं नाव सापडलं नाही, तर ऑपरेटरवर ओरडण्याआधी प्रेमाने विचारा: भाऊ, तुमचा ऱ कोणता?