आडात नसलेले पोहऱ्यात आले तेव्हा...

प्रतिनिधी

संगणकावर सॉफ्टवेअर बसविताना आपण तयार पॅकेज घेतो. ते ज्या मूळ आज्ञावलीपासून, म्हणजेच ‘सोर्स कोड’पासून बनले, ती नेमकी कोठून आणली गेली, हा प्रश्न सामान्य वापरकर्त्याला पडत नाही. मार्च २०२४ मध्ये मात्र याच प्रश्नाने जगभरातील लिनक्सतज्ज्ञांची झोप उडविली.

पॅकेज बांधण्याची रीत शिस्तबद्ध असते. ‘आरपीएम’ पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र फोल्डर ठरलेले आहेत. ‘सोर्सेस’मध्ये मूळ कोडचे गाठोडे (टारबॉल) आणि दुरुस्त्या, ‘स्पेक्स’मध्ये बांधणीची कृती, ‘बिल्ड’मध्ये प्रत्यक्ष संकलन, तर ‘बिल्डरूट’मध्ये तयार फायलींची तात्पुरती मांडणी. डेबियन पद्धतीत सोर्स फोल्डरमध्येच ‘डेबियन’ नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यातील ‘रूल्स’ ही फाईल बांधणीचे नियम सांगते. संकलनापूर्वी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट सोर्स फोल्डर आणि यंत्राचा प्रकार तपासून पुढील पायऱ्या ठरविते. या पायरीवर सहसा कोणी लक्ष ठेवत नाही.

नेमका तेथेच घाव घातला गेला. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन बहुतेक लिनक्स प्रणालींत असते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ या प्रकल्पात काम करून विश्वास संपादन केला. त्यानंतर आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट होती. घातक भाग चाचणीच्या फायलींच्या रूपात दडविलेला होता. तो जागा करणारी स्क्रिप्ट मात्र प्रकल्पाच्या सार्वजनिक कोडभांडारात नव्हतीच. ती केवळ वितरणाच्या टारबॉलमध्ये होती.

ही स्क्रिप्ट सावधही होती. सोर्स फोल्डरमध्ये ‘डेबियन/रूल्स’ ही फाईल आहे का, किंवा आरपीएम बांधणी ६४ बिटच्या इंटेल पद्धतीच्या यंत्रासाठी चालली आहे का, हे ती पाहत असे. म्हणजेच लाखोंपर्यंत पोहोचणारे पॅकेज बांधले जात असेल, तरच विष मिसळले जाई. थेट कोडभांडारातून बांधणी करणाऱ्याला काहीच आढळले नसते.

मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना ‘एसएसएच’द्वारे लॉग-इन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. मागोवा घेत त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. तोवर या आवृत्त्या डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणी टप्प्यातील प्रणालींत पोहोचल्या होत्या. स्थिर आवृत्त्या बचावल्या.

टारबॉलची अखंडता तपासणारी ‘चेकसम’ची पद्धत येथे निरुपयोगी ठरली, कारण गाठोडे अधिकृतच होते. डेबियनमध्ये २०१३ पासून सुरू असलेला ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ हा उपक्रमही एकाच कोडपासून तंतोतंत तेच पॅकेज तयार होते, एवढेच सिद्ध करतो. मूळ कोडच दूषित असेल, तर पॅकेजही दूषितच निघणार.

म्हणूनच सोर्स फोल्डर थेट कोडभांडारातील ठरावीक नोंदीवरून भरावा, टारबॉल वापरल्यास त्याची भांडाराशी तुलना करावी आणि कॉन्फिगरसारख्या फायली स्वतः नव्याने तयार कराव्यात, हा आग्रह या घटनेनंतर वाढला. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणतात. येथे ते आले. म्हणून पोहराही तपासणे भाग आहे.